सगळ्यांसमोर खोला

चिंचणीच्या चंद्राला कुणी फुकट काही देऊ केलं की ती आधी त्याचे हात बघायची, मग खिसे, आणि मग त्याच्या पाठीमागे आणखी कोण उभं आहे ते. बर्फवाला तिच्यासमोर लादी फोडताना उगाच घामाघूम व्हायचा. गॅसवाला सिलिंडर उतरवला की तिने तोंड उघडायच्या आत स्वतःच काट्याला अडकवून दाखवायचा. दूधवाल्याने तर तिच्या दारात येणंच सोडलं होतं. रोज सकाळी नखावर थेंब धरून आपल्याकडे रोखून बघणारी बाई कुणाला सहन होणार? असा स्वभाव काही आभाळातून पडत नाही. जन्म मासळीच्या बाजारात गेला की माणूस कल्ला उघडून बघितल्याशिवाय कुणाचा रामरामसुद्धा घेत नाही. फरक एवढाच, की बाकीच्या बायका बाजारातून उठल्या की हात धुतात आणि माणसासारख्या घरी जातात. चंद्रा बाजार डोक्यात घेऊनच घरी यायची.

त्यामुळे डहाणूच्या संगीताताई दारात येऊन म्हणाल्या, "मावशी, रविवारी समाजाच्या हॉलमध्ये दुरुस्ती मेळावा आहे. बिघडलेलं काही असेल तर घेऊन या. पैसे लागणार नाहीत," तेव्हा चंद्राचा बोंबील टांगणारा हात काठीवरच थांबला.

"पैशे नाय?"

"नाही. सगळी हौशी माणसं आहेत. कुणी कंपनीतून रिटायर झालेले, कुणी आयटीआयचे मास्तर. कुकर, मिक्सर, पंखे, छत्र्या, जमेल ते सगळं करून देतात."

"मंग तुमाला त्यात काय मिळतं?"

"समाधान," संगीताताई हसून म्हणाल्या.

झालं. याहून वाईट उत्तर त्या बाईंना शोधून सापडलं नसतं. समाधानासाठी काम करणारी माणसं चंद्राने पाहिली होती. ती निवडणुकीच्या तोंडावर उगवायची आणि निकाल लागला की मावळायची. संगीताताई पुढच्या दारात गेल्या, तशी चंद्रा शेजारच्या हेतलला ऐकू जाईल अशा बेताने पुटपुटली, "फुकटात कोन मांदेलीची शेपटी देत नाय, हे पंखे दुरुस्त करनार! चांगलं काढून घेतील आनि सडकं बसवतील. आपल्याला काय कळतंय?"

पण जाणं भाग होतं. घरात निलमचं शिलाई मशीन बंद पडलं होतं.

निलम म्हणजे चंद्राची सून. मुलगा दिपक बोटीवर जायचा नाही, तारापूरकडे एका कंपनीत शिफ्टवर जायचा. आणि निलम बाजारात बसायची नाही, घरात मशीनवर बसायची. ब्लाउज, फ्रॉक, परकर, आणि नवरात्र जवळ आलं की गरब्याच्या चणिया-चोळ्या. गुजरात हाकेच्या अंतरावर, त्यामुळे नवरात्रात इकडच्या पोरींना घागऱ्याशिवाय चैन पडत नाही. नेमकं त्याच तोंडावर, पावसाळा सरता सरता, मशीनचं चाक घट्ट होत गेलं आणि एक दिवस फिरायचंच थांबलं. बाजारातला मेकॅनिक म्हणाला, ठेवून जा, सावकाश बघतो. "सावकाश" ऐकल्याबरोबर चंद्राने मशीन पुन्हा रिक्षात चढवलं. आपल्या डोळ्यांआड मशीन उघडणार म्हणजे आतलं लोखंड बदलणार, यात तिला तिळमात्र शंका नव्हती.

निलम त्यावर भांडली नाही. ती भांडत नसे, तेच चंद्राला खटकायचं. भांडणाऱ्या माणसाच्या पोटात काय आहे ते निदान बाहेर तरी येतं. निलमने फक्त रात्रीची भांडी आवरता आवरता सांगितलं, "आई, रविवारपर्यंत मशीन चालू झालं तर ठीक. नाहीतर मी शितलला घेऊन वाणगावला ताईकडे जाते. तिच्याकडे जास्तीचं मशीन आहे. नवरात्र झालं की येईन."

त्या "येईन"वर विश्वास ठेवला असता तर ती चंद्रा कसली? निलमच्या बहिणीने वाणगावच्या बाजारापाशी एक खोली बघून ठेवली आहे, हे तिने फोनवरचं बोलणं ऐकून केव्हाच ताडलं होतं. वाणगावहून दिपकला कंपनीही सोयीची. आज सून आणि नात जाणार, मागोमाग मुलगा, आणि मग या घरात चंद्रा आणि तिचे वाळत घातलेले बोंबील. नात शितल पहिलीत होती, आजीच्या पाटीत बसून बाजारात यायचा हट्ट करायची. आणि निलमबद्दल म्हणाल, तर सून मासळीला नाक मुरडते अशी कुरकुर चंद्रा गावभर करायची, पण सुनेने शिवलेला ब्लाउज घालून बाजारात बसली की पदर मुद्दाम जरा मागे सारायची. ती निलमला असं काही बोलली मात्र कधीच नाही. सुनेला आवडतेस म्हणून सांगितलं की सून डोक्यावर बसते, असं तिचं ठाम मत होतं.

रविवारी निघण्याआधी तिने शितलची गुलाबी नखपॉलिशची बाटली घेतली आणि मशीनच्या दिसेल त्या भागावर एकेक ठिपका ठेवला.

"आई, हे काय करताय?" निलमने विचारलं.

"निशानी. बदललं तर कळंल."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांचं मशीन हाय का?"

हॉलमध्ये जत्रा भरली होती. टेबलं मांडून हौशी मंडळी बसली होती आणि प्रत्येक टेबलासमोर बायका-पुरुष आपापलं दुखणं मांडीवर घेऊन बसले होते. कुणाचा मिक्सर, कुणाची इस्त्री, कुणाचा टेबलफॅन. एखादी वस्तू चालू झाली की संगीताताई पितळी घंटा वाजवायच्या आणि सगळे टाळ्या वाजवायचे. चंद्राला ते देवळातल्यासारखं वाटलं आणि म्हणून जास्तच संशयास्पद वाटलं. देवाच्या नावाने तर सगळ्यात मोठी लबाडी होते.

पलीकडच्या टेबलापाशी कुकर घेऊन तिची धाकटी जाऊ कमळी बसली होती. दोघींनी एकमेकींना पाहिलं आणि दोघींनी माना फिरवल्या. काही वर्षांपूर्वी चंद्राचे अर्धे वाळलेले बोंबील काठीवरून गेले होते, आणि चंद्राने भर बाजारात कमळीचं नाव घेतलं होतं. बोंबील कुणी नेले ते कधीच कळलं नाही. कमळीची पाटी मात्र त्या दिवशी सगळ्यांसमोर उपडी झाली होती, आणि तिच्यात कमळीचेच बोंबील निघाले होते. चंद्राने त्याबद्दल एक शब्दही मागे घेतला नव्हता. दोघींच्या नवऱ्यांची एकत्र होडी होती तेव्हा याच दोघी एका ताटात जेवायच्या.

मशीनसाठी नंबर लागला मोतीराम यांच्याकडे. हे चिखले गावचे गृहस्थ, कंपनीत फिटर होते, आता घरी बसून कंटाळलेले. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी मशीनवरचे गुलाबी ठिपके पाहिले, चंद्राकडे पाहिलं, आणि मशीन पुढ्यात ओढलं.

"आमचा एक नियम आहे," संगीताताई म्हणाल्या. "वस्तूचा मालक शेजारी बसणार. स्क्रू तोच काढणार. म्हणजे पुढच्या वेळी घरी करता येतं."

हा नियम चंद्राला एकदम पसंत पडला. इतका, की या माणसांची लबाडी आहे तरी कुठे याचा तिला क्षणभर पत्ता लागेना. पण तेवढ्यात मोतीराम म्हणाले, "असं करूया का, मागच्या खोलीत बसू. इथे गर्दी फार, बारीक स्क्रू पडला तर सापडायचा नाही. मागे उजेडही बरा आहे."

मागच्या खोलीत! चंद्राने कपाळाला आठ्या घातल्या.

"मागं कशाला?"

"उजेडासाठी, बाई."

"उजेड इथं पन हाय. मागं-बिगं नाय. इथंच खोला. सगळ्यांसमोर खोला. एकेक पार्ट काढून टेबलावर ठेवायचा, आमाला दाखवायचा." आणि एवढ्यावर न थांबता तिने मागे वळून हाक दिली, "या गो बायांनो! बघून घ्या, कसं दुरुस्त करतात ते. हेतल, तू पन ये. तुझ्या घागऱ्याचं मशीन हाय."

निलमने मान खाली घातली. हेतल आली, तिच्यामागे आणखी बायका आल्या. फुकटचा तमाशा कुणाला नको असतो? टेबलाभोवती कडं झालं, आणि शितल त्या कड्यातून वाट काढून आजीच्या कमरेला चिकटून उभी राहिली.

निलम स्क्रू काढायची, मोतीराम बोट दाखवायचे, चंद्रा प्रत्येक तुकडा हातात घेऊन ठिपका तपासायची आणि टेबलावर मांडायची. खालचा भाग झाला. तिथे काही नव्हतं. सुईकडची पट्टी झाली, तिथेही तेल-पाणी ठीक होतं. मोतीरामांनी चाक हलवून बघितलं, कान लावला, आणि मशीन फिरवून पाठ आपल्याकडे केली. पाठीला जाड भागावर एक गोल झाकणी होती, एकाच स्क्रूवर बसवलेली.

"ही कधी उघडली होतीत का?"

"नाही," निलम म्हणाली. "क्लासात वरच्या भोकांतून तेल घालायला शिकवलं होतं. मी तेवढंच करते."

"दुखणं इथेच आहे. बघा, कडेने गंज उतरलाय."

"उघडा," चंद्रा म्हणाली. "बघू तर द्या सगळ्यांना."

स्क्रू हटत नव्हता. मोतीरामांनी तेलाचा थेंब सोडला, जरा थांबले, आणि निलमने जोर लावून तो फिरवला. झाकणी सुटली. आत गंजाचा लाल चिखल साचला होता आणि त्या चिखलात काहीतरी काळं, सुपारीएवढं अडकलं होतं. निलमने चिमट्याने ते बाहेर ओढलं. काळ्या चिंधीची पुरचुंडी. दोऱ्याने बांधलेली, ओली, चिकट. तिने ती टेबलावरच्या कागदावर ठेवली आणि चिमट्यानेच सोडवली. आत मिठाचा लगदा, मोहरीचे दाणे, लाल मिरचीची साल. आणि केस. एक लांब केस, गुंडाळी करून ठेवलेला, मेंदीने तांबूस झालेला.

त्या घरात मेंदी एकच बाई लावायची.

निलमचा हात आपोआप स्वतःच्या वेणीकडे गेला. कड्यातल्या बायकांपैकी कुणीतरी "अगो बाई" म्हटलं आणि एक पाऊल मागे घेतलं. हॉलमध्ये दुसरीकडे घंटा वाजली, टाळ्याही पडल्या, पण या टेबलापाशी कुणाचं लक्ष नव्हतं.

चंद्राला आठवायला एक क्षण लागला. मशीन घरात आलं त्या दिवशी अर्धी आळी बघायला लोटली होती. कुणी चाक फिरवून बघत होतं, कुणी "नशीब काढलंस हो निलम" म्हणत होतं, आणि चंद्राला ती प्रत्येक नजर टोचत होती. तिच्या सासऱ्यांची एक रीत होती. होडीला नवं इंजिन बसलं की होडीच्या पोटात, कुणाला दिसणार नाही अशा जागी, मीठ-मोहरी-मिरचीची पुरचुंडी ठेवायची, आणि तिच्यात तांडेलाचा, म्हणजे होडी हाकणाऱ्याचा, केस घालायचा. ज्याच्या हातावर घर चालतं त्याचा केस. म्हणजे त्याला दृष्ट लागत नाही आणि दर्या त्याला परत पाठवतो. आणि ठेवलेलं कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की गुण जातो. त्या दुपारी घरात कुणी नसताना चंद्राने निलमच्या फणीतला केस काढून पुरचुंडी बांधली होती आणि मशीनची मागची झाकणी उघडून आत सरकवली होती. मशीन ही सुनेची होडी, एवढा सरळ हिशेब होता तिचा. नंतर ती ते विसरूनही गेली. खडेमीठ पावसाळ्यात पाझरतं हे चिंचणीत तिच्याहून जास्त कुणाला ठाऊक असणार? जन्मभर मिठातच हात होते तिचे. पण रीत पाळताना डोकं कोण वापरतं!

"चंद्रामावशी," हेतल हळूच म्हणाली, "हे काय गो?"

नाही म्हणायची संधी होती. मला काय माहीत, असं म्हटलं असतं तर संशय चार घरांवर वाटला गेला असता, आणि संशय वाटण्यात चंद्राचा हात कोण धरणार? तरी ती खरं बोलली.

"मी ठेवलंय. दृष्ट लागू नये म्हनून."

आणि बोलता बोलताच तिला कळलं की हे खोटं वाटतंय. तिच्याच कानांना वाटलं. असं दुसऱ्या कुणी तिला सांगितलं असतं तर ती काय म्हणाली असती, हे तिला शब्दन् शब्द ठाऊक होतं.

"दृष्ट लागू नये म्हणून काळ्या फडक्यात?" कुणीतरी मागून म्हणालं.

"आनि केस सुनेचा?"

"मग निलमला सांगितलं का नाही?" हेतलने विचारलं.

"सांगितलं का गुन जातो," चंद्रा म्हणाली, आणि कड्यात कुणीतरी फिसकन हसलं.

संगीताताई धावत आल्या. त्यांना वातावरण निवळायचं होतं. "अहो, असते एखाद्याची श्रद्धा," त्या म्हणाल्या. "मावशींच्या मनात वाईट असेलच असं नाही." या एका वाक्याने, ज्यांच्या मनात अजून काही आलं नव्हतं त्यांच्याही मनात आलं. भल्या माणसांना गप्प बसायची कला कुणीतरी शिकवायला हवी.

चंद्राने कड्यावरून नजर फिरवली. या बायकांपैकी कुणाच्या बर्फावर, कुणाच्या काट्यावर, कुणाच्या नवऱ्यावर तिने कधी ना कधी बोट ठेवलेलं होतं. मग तिला पलीकडे कमळी दिसली, मांडीवर कुकर घेऊन इकडेच बघत असलेली. चंद्राचा जीव भांड्यात पडला. कमळीला माहीत होतं. होडीच्या पोटात शेवटची पुरचुंडी ठेवली तेव्हा चिंधी कमळीने फाडली होती आणि गाठ चंद्राने मारली होती.

"कमळे," चंद्रा म्हणाली. इतक्या वर्षांनी तिने ती हाक मारली होती. "कमळे, तू सांग गो यांना. आपल्या घरची रीत हाय ना? मामंजी होडीत ठेवायचे. केस घालून. तू होतीस ना?"

सगळ्यांनी कमळीकडे पाहिलं. कमळीने चंद्राकडे पाहिलं, अगदी सावकाश. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"होडी कवाच विकली, वयनी," ती म्हणाली. "मना नाय काय आठवत." आणि ती कुकरचं झाकण लावण्यात गुंग झाली.

मोतीरामांनी घसा खाकरला. "मिठाने दांडा गंजलाय एवढं मला कळतं," ते म्हणाले. "बाकीचं माझ्या कामातलं नाही. ताई, ते पुसायचं फडकं द्या." आणि ते खाली मान घालून गंज खरवडायला लागले. निलम त्यांच्या शेजारी बसून ते सांगतील तसं करत राहिली, तेल सोड, पूस, पुन्हा तेल सोड. तिने एकदाही वर पाहिलं नाही. शेवटी चाक फिरलं. सुई वरखाली झाली, मशीन खटखट बोलायला लागलं, आणि बोललं ते अगदी पहिल्या दिवसासारखं. संगीताताईंचा हात घंटेकडे गेला, पण घंटा काही वाजली नाही.

निघताना निलमने ती पुरचुंडी कागदात नीट गुंडाळली आणि पर्समध्ये ठेवली. दिपकला दाखवण्यासाठी. चंद्रानेही नेमकं हेच केलं असतं.

रिक्षात मशीन मध्ये होतं. शितल चंद्राच्या बाजूला चढायला गेली तशी निलमने तिला दंडाला धरून आपल्या बाजूला ओढलं. "इकडे बस." आवाज चढवला नाही, काही नाही. चंद्रा रस्ताभर बाहेर बघत राहिली.

संध्याकाळी दिपक शिफ्टवरून आला. निलमने कागद उलगडून दाखवला. चंद्रा आत तव्यावर मासे परतत सगळं ऐकत होती. मग दिपक शेगडीपाशी येऊन म्हणाला, "आई, जाऊ दे. जे झालं ते झालं. पुन्हा असलं काही करू नकोस."

"अरे, पन मी केलं काय?"

"तेच म्हणतोय. सोड आता."

तो तिच्यावर चिडला नव्हता. त्याने तिला माफ केलं होतं, आणि माफ करायला आधी गुन्हा मानावा लागतो. चंद्राला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. सगळ्या गावाने मानलं असतं तरी चाललं असतं, याने कसं मानलं?

आतल्या खोलीत निलम पलंगावर बॅग उघडून उभी होती. शितलचे फ्रॉक, निलमच्या साड्या, वाणगावला जाण्यासाठी तिने कालच भरून ठेवलेलं सगळं. चंद्रा दारात येऊन थांबली. आता ही चेन लावणार आणि निघणार. थांब म्हणायला तिच्याकडे काही तोंड उरलं नव्हतं. पण निलमने बॅगेतून शितलचा फ्रॉक काढला आणि कपाटात ठेवला. मग दुसरा काढला. मग साड्या. चंद्राला आधी कळेचना. ती बॅग रिकामी करत होती.

पोरीने विश्वास ठेवला! अख्ख्या गावात एकटीने ठेवला.

"निलम," ती म्हणाली, "नाय जात ना गो?"

"नाही." निलमने साडीची घडी बसवली आणि कपाट लावलं. मग ती सासूकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, आणि भीती असलीच तर तिने ती आवरली होती. "जाणार होते. पण मशीनवर मी एवढे दिवस बसत होते आणि मला कळलं नाही. मी तिकडे गेले तर इथे काय ठेवाल, कशात ठेवाल, मला काय कळणार? दिपक इथेच जेवणार, इथेच झोपणार. त्यापेक्षा मी इथेच राहते. डोळ्यांसमोर असलेलं बरं."

जे व्हावं म्हणून ती मशीन रिक्षात घालून गावभर फिरली होती, ते झालं होतं. सून राहिली होती, नात राहिली होती, वाणगाव मिटलं होतं. चंद्रा वळली आणि पानं घ्यायला गेली.

त्या घरात चंद्रा नेहमी सगळ्यांच्या मागून जेवायची. आधी दिपक, शितल, निलम, आणि मग उरलेल्यात ती. तिने ताटं मांडली. भात, कोलंबीचं कालवण, तळलेले बोंबील. शितल भुकेने कळवळली होती. तिने बसल्या बसल्या घास उचलला.

"थांब, शितल," निलम म्हणाली.

शितल थांबली. तिने आईकडे पाहिलं. दिपकनेही पाहिलं आणि नजर ताटात वळवली. का थांबायचं हे निलमने सांगितलं नाही. कदाचित तिला स्वतःलाही ते तोंडाने म्हणवलं नसतं. पण चंद्राला सांगायची गरजच नव्हती. उभ्या चिंचणीत ते "थांब" तिच्याइतकं कुणाला ओळखता येणार होतं?

ती शितलच्या समोर खाली बसली. शितलच्याच ताटातला भात तिने कालवला, कालवणात बुडवला, कोलंबी घेतली, आणि घास आपल्या तोंडात घातला. नीट चावून गिळला. मग बोंबलाचा तुकडा मोडून खाल्ला. मग शितलच्याच पेल्यातलं पाणी प्यायली.

"आई, हे काय चाललंय?" दिपक म्हणाला.

"जेवते," चंद्रा म्हणाली.

निलम तिच्या गळ्याकडे बघत होती, घास खाली उतरेपर्यंत. चंद्राने ते पाहिलं आणि तिला बघू दिलं. तिला रडू आलं नाही. भूक तेवढी मेली. पंखा फिरत होता, बाहेर कुणीतरी होडी ओढताना एकमेकांना हाका मारत होतं. शितल हातात घास धरून आळीपाळीने दोघींकडे बघत होती.

बऱ्याच वेळाने निलमने मान खाली घातली.

"जेव," ती शितलला म्हणाली.